पडून १५८, उभं राहून १०८: लातूर जिल्ह्यातलं रक्तदाबाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून बरंच आत असलेलं एक खेडं. रुग्ण ६८ वर्षांचे शेतकरी. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, इथंही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून गाव, घरातली माणसं आणि थोडे तपशील बदलले आहेत.

सात एकर रान. खरिपात सोयाबीन आणि तूर, बोअरला पाणी असेल तितकी ठिबकवर भाजी. आबा माळकरी, तंबाखू नाही, दारू नाही. मधुमेह ११ वर्षांचा, रक्तदाब ९ वर्षांचा. रोजच्या गोळ्या अशा: सकाळी अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, संध्याकाळी टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ ची एकत्र गोळी, शिवाय साखरेसाठी मेटफॉर्मिन. गोळ्यांची वेळ त्यांनी क्वचितच चुकवली असेल. बीपी आहे म्हणून त्यांच्या मालकीणबाईंनी स्वयंपाकातलं मीठ जवळजवळ बंदच केलं होतं.

एप्रिलमध्ये दोन गोष्टी पंधरवड्याच्या अंतराने घडल्या. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून त्यांना शहरातल्या युरॉलॉजिस्टकडे नेलं. तपासणीत प्रोस्टेट वाढलेली निघाली आणि रात्री झोपताना टॅमसुलोसिन ०.४ सुरू झालं. त्याची फाईल वेगळी, चिठ्ठी वेगळी. पुढे गावात आरोग्य शिबिर झालं. आबा रानातून उन्हातून चालत आले, रांगेत उभे राहिले, खुर्चीवर टेकले आणि लगेच सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधला गेला. आकडा आला १७२/९६. तिथल्या सल्ल्याने अॅम्लोडिपिन ५ चं १० झालं. शिबिरात टॅमसुलोसिनचा विषय निघाला नाही. लघवीची गोळी बीपीच्या डॉक्टरला सांगायची असते, हे आबांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

अडचण

मेच्या पहिल्या आठवड्यात पहाटे लघवीला उठले आणि न्हाणीच्या दाराशी कोसळले. काही सेकंदांत शुद्धीवर आले, मार लागला नाही. घरच्यांना वाटलं, उन्हाचा त्रास असेल.

धाकट्या मुलाने मनगटाला बांधायचं बीपीचं मशीन मागवलं होतं. पडल्यानंतर वडिलांना बाजेवर बसवून, हात मांडीवर ठेवून त्याने बीपी पाहिलं. १७० च्या आसपास आकडा दिसला. बीपी वाढल्यामुळेच चक्कर आली, असं त्याला वाटलं. आपल्याकडे बहुतेकांना असंच वाटतं. त्याने अॅम्लोडिपिनची आणखी एक गोळी दिली, आणि नंतरच्या दिवसांत चक्कर आली की तेच करत राहिला.

दुसऱ्यांदा आबा पडले ते लग्नात. वैशाखातली दुपार, मांडवाचे पत्रे तापलेले, आमरसाचं जेवण भरपेट झालेलं. हात धुवायला उठले, चार पावलं गेले आणि तोंडावर आपटले. भुवईला खोक पडली. क्षणभर शुद्ध हरपली होती. टाके घालून त्यांना आमच्याकडे आणलं.

मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बीपी वाढून चक्कर येऊलालीय. गोळी वाढवून देऊनबी उतरंना गेलंय." पुण्यात नोकरीला असलेला थोरला फोनवर होता, त्याला मेंदूचा एमआरआय हवा होता. सोबत आलेले भावकीतले एक जण सलाईन लावा म्हणत होते. सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली सुनेने, आणि तीही कुणी विचारलं म्हणून नाही: "मामा पडून असले की काय बी न्हाई. उठून उभारले की दोन मिनिटांत डोळ्यापुढं अंधारी येतीय त्येंच्या."

या एका वाक्याने तपासाची दिशा ठरली. चक्कर साखर कमी झाल्याने, कानाच्या दोषाने, हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीने किंवा मेंदूतल्या बिघाडाने येऊ शकते. उभं राहिल्यावरच येणारी आणि आडवं होताच जाणारी चक्कर मात्र बहुतेक वेळा रक्ताच्या दाबाकडेच बोट दाखवते, आणि तेही दाब कमी होण्याकडे.

पहिला निर्णय: मोजायचं कसं

ताजे टाके घातलेल्या, दोनदा पडलेल्या माणसाला मुद्दाम उभं करायचं का? केलं. मागे मुलगा उभा, शेजारी खुर्ची. आधी पाच मिनिटं आडवं ठेवून उघड्या दंडावर बीपी घेतलं, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी, प्रत्येक वेळी हात हृदयाच्या पातळीला आधार देऊन.

आडवे: १५८/८६, नाडी ७४.
उभे, एक मिनिट: ११८/७०, नाडी ७९.
उभे, तीन मिनिटं: १०८/६६, नाडी ८२. इथं त्यांनी "बसतो" म्हटलं आणि खुर्ची गाठली.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर त्याला उभं राहिल्यावर होणारा न्यून रक्तदाब म्हणतात. इथं वरचा आकडा पन्नासने घसरला होता. त्याहून बोलकी होती नाडी. इतका दाब पडल्यावर धडधाकट शरीरात हृदय जोरात धावायला लागतं. आबांची नाडी आठनेच वाढली. ठोक्यांतली वाढ ही दाबातल्या घसरणीच्या निम्म्याहूनही कमी असेल, म्हणजे दाबाच्या १ मिमीमागे (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) अर्ध्या ठोक्यापेक्षा कमी, तर स्वायत्त नसांमध्ये, म्हणजे ठोके आणि रक्तवाहिन्या आपोआप सांभाळणाऱ्या नसांमध्ये, दोष असल्याचा संशय घेतात. ११ वर्षांच्या मधुमेहात तो असणं नवल नव्हे.

त्याच बैठकीत मनगटाच्या मशीनचा उलगडाही झाला. हात मांडीवर ठेवला की मनगट हृदयापासून साधारण २५ सेंटिमीटर खाली जातं. रक्ताचा एक सेंटिमीटर स्तंभ सुमारे ०.७७ मिमी पाऱ्याइतका दाब देतो, म्हणजे आकडा १९ ने फुगतो. खरा १५० असला तर मशीन १६९ दाखवणार. मुलगा ज्या आकड्यावर गोळ्या देत होता, त्यात मोठा वाटा हात कुठं ठेवला याचाच होता. शिवाय अॅम्लोडिपिन चढायलाच सहा ते बारा तास लागतात आणि शरीरातून ते निम्मं व्हायला ३० ते ५० तास जातात. चक्कर आल्यावर दिलेली गोळी त्या चक्करवर काम करत नव्हती. ती पुढच्या दोन-तीन दिवसांचा दाब खाली ओढत होती.

रक्त चढतं कसं आणि इथं पडलं का

मुलाने विचारलेला प्रश्न चांगला होता: "बीपी जास्त हाय म्हंजी रक्त जोरात जायला पाह्यजे ना? मग डोक्याला कमी कसं पडतंय?"

दाब आणि प्रवाह एकच समजल्याने हा गोंधळ होतो. त्याला त्याच्याच ठिबकवरून सांगितलं. फिल्टरजवळच्या गेजवर काटा चढलेला असतो आणि तरी चढावरच्या शेवटच्या ड्रिपरमधून थेंब पडत नाही. व्हॉल्व्ह बंद केला तर काटा आणखी चढतो आणि पाणी शून्यावर येतं. उलट खालच्या अंगाचे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले, तर वरच्या सरीला पाणीच पोचत नाही. हे त्याला लगेच उमगलं. फक्त इथं एक फरक आहे: मोटार एकाच वेगाने चालते, शरीर मात्र ठोक्या-ठोक्याला वेग आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलत असतं. आबांच्या शरीरात ही बदलण्याची सोयच निकामी होत चालली होती.

आता जरा तपशिलात. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. सरासरी दाब म्हणजे हे ढकललेलं रक्त गुणिले नळ्यांचा एकूण विरोध. विरोधाचा मोठा भाग मोठ्या धमन्यांत नसून केसाएवढ्या बारीक धमनिकांमध्ये असतो. त्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि ते आवळले-सैल झाले की विरोध झपाट्याने बदलतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी झाली तर विरोध १६ पट. त्रिज्या दहाच टक्क्यांनी वाढली तरी, दाब तोच राहिल्यास, प्रवाह जवळपास दीडपट. मुख्य धमनीत ९०-९५ असलेला सरासरी दाब धमनिका ओलांडून केशवाहिन्यांच्या तोंडाशी ३५ च्या आसपास उतरतो आणि हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरांत जवळजवळ शून्यावर येतो. एकूण रक्तापैकी सुमारे दोन तृतीयांश रक्त या शिरांतच असतं. त्या मऊ असतात, ताणतात, आणि म्हणून उभं राहिल्यावरची सगळी भानगड त्यांच्यात सुरू होते.

माणूस आडव्याचा उभा झाला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे कमी रक्त परततं, पुढचा ठोका लहान पडतो, दाब घसरतो. मानेतल्या धमनीच्या फाट्याशी आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात. ताण कमी झाल्याचं ती मेंदूच्या देठाला कळवतात आणि तिथून हुकूम सुटतो: ठोके वाढवा, धमनिका आवळा, शिरा आवळा. चालू लागलं की पोटऱ्यांचे स्नायूही शिरा पिळून रक्त वर ढकलतात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आबांच्या बाबतीत या साखळीची एक-एक कडी बघा. वयाने आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने धमन्या ताठ झालेल्या, म्हणून ताण ओळखणारी टोकं बोथट. मधुमेहाने हुकूम नेणाऱ्या नसा दुबळ्या. अॅम्लोडिपिन धमनिकांच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणजे हुकूम पोचला तरी त्या पुरत्या आवळणार नाहीत. आणि हे औषध दुप्पट झालेलं, वर मुलाने दिलेल्या जादा गोळ्या. टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनचा, म्हणजे वाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाचा, मार्ग अडवलेला. टॅमसुलोसिन प्रोस्टेटचे अल्फा ग्राहक (आवळण्याचा हुकूम घेणाऱ्या जागा) अडवून तिथले स्नायू सैल करतं, पण तसेच ग्राहक रक्तवाहिन्यांतही असतात. क्लोरथॅलिडोन मीठ आणि पाणी लघवीतून काढून टाकतं, आणि इथं तर आहारात मीठ नाही, बाहेर वैशाखाचं ऊन, घाम, वर रात्री लघवीला उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद. उन्हात शरीर थंड ठेवायला कातडीतल्या वाहिन्या उघडतात. कडक उष्म्यात कातडीकडे जाणारा प्रवाह मिनिटाला काही लिटरपर्यंत वाढू शकतो. भरपेट जेवणानंतर आतड्याकडेही रक्त वळतं, आणि म्हाताऱ्या माणसात तेवढ्यानेही दाब पडू शकतो. लग्नाच्या मांडवात या सगळ्या गोष्टी एकाच वेळी हजर होत्या.

डोक्यापाशी नेमकं काय पोचत होतं, याचा ढोबळ हिशोब करता येतो. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश. आडवे असताना तो ११०, आणि डोकं हृदयाच्याच पातळीला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी तो ८०. त्यातून डोकं हृदयापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर असल्याचे २३ वजा. उरले ५७. निरोगी मेंदू सरासरी ६० पासून १५० पर्यंतच्या दाबात आपला प्रवाह बराचसा सांभाळतो. वर्षानुवर्षं जास्त दाबाची सवय झालेल्या मेंदूची ही पट्टी वर सरकलेली असते, म्हणजे इतरांना चालेल तेवढा दाब त्याला पुरत नाही. ज्याचं बीपी १७० म्हणून घरचे धास्तावले होते, त्याच माणसाचा मेंदू उभं राहिल्यावर कोरडा पडत होता.

थोडं विषयांतर. रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तोही पडलेल्या स्थितीतच. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीला पाठीवर बांधून तिच्या धमनीत नळी घातली आणि उभ्या काचनळीत रक्त आठ फूट तीन इंच चढलं; ही नोंद त्याने १७३३ मध्ये छापली. दंडाला बांधायचा पट्टा रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला, स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची रीत कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली. तेव्हापासून आपण बहुतेक वेळा बसलेल्या माणसाचाच दाब मोजतो आणि तो आकडा त्याच्या चोवीस तासांचा धरून चालतो.

समोरचे पर्याय

सलाईनचा आग्रह सगळ्यात मोठा होता, म्हणून तो आधी. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ते लावलं असतं तर आबांना तासाभरात बरं वाटलं असतं, आणि इथंच धोका होता. सलाईनमधला साधारण चौथा हिस्साच रक्तवाहिन्यांत टिकतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पडले असते आणि घरच्यांच्या मनात सलाईन हाच उपाय पक्का झाला असता. दुसरं कारण तपासणीत निघालं. रक्तातलं सोडियम १२८ होतं, नेहमीच्या १३५ च्या बरंच खाली, आणि क्लोरथॅलिडोनचा तो ओळखीचा दुष्परिणाम आहे. असं हळूहळू उतरलेलं सोडियम झपाट्याने चढवणं मेंदूला अपाय करू शकतं. माणूस तोंडाने पिऊ शकत होता, उलट्या नव्हत्या. सलाईन लावलं नाही. भावकीतले गृहस्थ नाराज होऊन गेले.

चौथं औषध वाढवायचं, हा पर्याय कागदावर अगदी रास्त दिसत होता: मधुमेही माणूस, शिबिरात १७२, घरी १७०. उभं राहून मोजलं नसतं तर बहुतेक ठिकाणी हेच झालं असतं.

सगळ्या गोळ्या बंद करायच्या, असं धाकटा म्हणू लागला होता, आता उलट टोकाला जाऊन. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा होत्या. नऊ वर्षांचा दाब त्याचं काम करत होता. बंद केल्या तर पक्षाघाताचा धोका आज ना उद्या समोर उभा. शिवाय दाब नीट आटोक्यात ठेवल्याने उभं राहून पडण्याचं प्रमाण सरसकट वाढत नाही, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. मात्र २०१५ मध्ये निष्कर्ष आलेली स्प्रिंट ही गाजलेली चाचणी पाहिली, तर तिच्यात मधुमेहींना घेतलेलं नव्हतं आणि उभं राहून वरचा आकडा ११० च्या खाली जाणाऱ्यांनाही नाही. आबा मधुमेहाच्या अटीवरच बाहेर पडले असते, आणि उभं राहून तीन मिनिटांनी त्यांचा आकडा १०८ होता. दाब १२० च्या खाली न्यावा, हा तिचा धडा त्यांना सरळ लावण्यात अर्थ नव्हता.

राहिला मेंदूचा फोटो. इथं दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. चक्करचं कारण शोधायला एमआरआयची गरज नव्हती, कारण कारण समोर दिसत होतं. पण ६५ च्या पुढचं वय, डोक्याला मार आणि क्षणभर शुद्ध हरपलेली, म्हणून आत रक्तस्राव नाही ना हे पाहायला सीटी स्कॅन हवाच होता. तो त्याच दिवशी झाला, काही निघालं नाही. थोरल्याला फोनवर हा फरक समजवायला वेळ लागला, तो दिला. नंतर लातूरला इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या झडपाही पाहून घेतल्या. त्या ठीक होत्या. चक्करच्या वेळची साखर १३८ असल्याची नोंद घरच्या ग्लुकोमीटरमध्ये होती.

काय केलं

क्लोरथॅलिडोन त्याच दिवशी बंद. अॅम्लोडिपिन परत ५ वर आणि जादा गोळ्यांवर बंदी. टेल्मिसार्टन ४० चालू ठेवलं, फक्त जुलाब-उलट्या झाल्या तर बंद ठेवून आधी फोन करायचा असं लिहून दिलं, कारण मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४, म्हणजे थोडं वाढलेलं होतं. युरॉलॉजिस्टशी फोनवर बोलून टॅमसुलोसिन तूर्त थांबवलं.

तीन बदल एकदम केल्यावर कशाने गुण आला हे नेमकं कळत नाही. एकेक बदलून पाहणं शास्त्राला धरून झालं असतं. पण भुवई फुटलेल्या माणसाला खुब्याचं हाड मोडेपर्यंत थांबवायचं नसतं, आणि आम्ही तो अचूकपणा सोडून दिला.

औषधांपेक्षा जास्त वेळ गेला घरच्या गोष्टींवर. मीठ पूर्ण बंद नको, नेहमीच्या भाजीभाकरीत असतं तितकं चालेल; लोणचं-पापड मात्र नको. दोन दिवस ओआरएस, पाकीट एक लिटर पाण्यात, घोटघोट. पहाटे उठण्याआधी बाजेवरच दोन मोठे पेले पाणी. एकदम प्यायलेलं अर्धा लिटर पाणी अशा रुग्णांत थोड्या वेळापुरता दाब वर आणतं. मग बाजेच्या कडेला पाय सोडून बसायचं, पंजे वर-खाली करायचे, नंतर उठायचं. रात्री लघवीसाठी बाजेशेजारीच भांडं. बाजेची डोक्याकडची बाजू विटांवर. आडवं असताना दाब जास्त राहतो, तो त्याने थोडा उतरतो आणि रात्रीची लघवीही कमी होते. उभ्या-उभ्या अंधारी आली तर पाय एकमेकांत अडकवून मांड्या आवळायच्या, नाही जमलं तर लाज न बाळगता खाली बसायचं. या शेवटच्या सूचनेवर आबा बरेच दिवस अडून होते. चारचौघांत मटकन खाली बसणं त्यांना पडण्यापेक्षा अवघड वाटत होतं.

मनगटाचं मशीन बाजूला ठेवून दंडाचं घेतलं. वहीत दोन रकाने, पडून आणि उभं राहून. ती जबाबदारी सुनेने घेतली.

निकाल

आठवड्याने आडवे १५०/८४, उभे तीन मिनिटांनी १२४/७२. घसरण २६, म्हणजे व्याख्येत अजूनही बसणारी, पण अंधारी नाही. सोडियम १३४. आकडा बरोबर करण्यापेक्षा माणूस उभा राहू शकतो का हे पाहायचं ठरलं होतं, आणि तो राहत होता.

तिसऱ्या आठवड्यात लघवीने डोकं वर काढलं. धार बारीक, रात्री चारदा उठणं, सोनोग्राफीत लघवीनंतरही मूत्राशयात १२० मिली शिल्लक. इथं दोन अवयवांची मागणी एकमेकांविरुद्ध होती. लघवी तुंबली तर नळी घालावी लागणार. गोळी दिली तर दाब पुन्हा घसरू शकणार. आता बाकीची दोन कारणं दूर झाली होती, म्हणून टॅमसुलोसिन पुन्हा सुरू केलं. घसरण ३० वर गेली आणि तिथंच थांबली. पहाटे थोडं जड वाटतं असं आबा सांगत, पण पडले नाहीत. मृगाच्या सरी झाल्या, उष्मा उतरला आणि जुलैत ते रानात जाऊ लागले.

वेगळं काय करता आलं असतं

शिबिरातल्या एका मापावर औषध दुप्पट व्हायला नको होतं. उन्हातून आलेला माणूस, टेकायलाही वेळ नाही, कापडावरून पट्टा. पाच मिनिटं बसवून दोनदा मोजलं असतं तर बहुधा वेगळा आकडा आला असता. शिबिराचं काम बीपी असलेली माणसं हुडकण्याचं आहे. आधीच उपचार चालू असलेल्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे पाठवावं.

गोळ्यांची यादी कुठंच एका कागदावर नव्हती. बीपीची एक फाईल, साखरेची दुसरी, प्रोस्टेटची तिसरी, आणि शिबिराची चिठ्ठी खिशात. आम्ही आता घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन यायला सांगतो. चिठ्ठ्या विसरतात, पिशवी विसरत नाही.

उन्हाळ्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच, लघवी वाढवणारं औषध घेणाऱ्यांचं सोडियम आणि उभं बीपी पाहायला हवं. लातूर-बीडच्या उन्हाळ्यात हा धोका दर वर्षी ठरलेला आहे, तो अचानक येत नाही.

उभं बीपी सगळ्यांचं घ्यायचं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. ओपीडीला रांग लागलेली असताना प्रत्येकामागे आठ मिनिटं निघत नाहीत. माझं मत असं की पासष्टीच्या पुढचे, मधुमेही, प्रोस्टेटची गोळी घेणारे आणि एकदा का होईना पडलेले, एवढ्यांचं घेतलंच पाहिजे. बसून आणि मग एक मिनिट उभं करून घेतलं तरी काहीच न घेण्यापेक्षा बरं. एका सहकाऱ्याचा आक्षेप दुसराच आहे: क्लोरथॅलिडोन कायमचं सोडण्याची घाई झाली, कारण म्हाताऱ्यांमध्ये वरचा आकडा उतरवायला आणि पक्षाघात टाळायला ते चांगलं आहे. सोडियम १२८ वर गेलेल्या माणसाला ते पुन्हा देण्याची माझी तयारी नाही. तो मात्र हिवाळ्यात देऊन पाहिलं असतं म्हणतो.

सध्या

थंडीत वाहिन्या आवळतात आणि बीपी वाढतं. डिसेंबरमध्ये आबांचं बसून १६२/८८ भरलं, उभं राहून १४०. संध्याकाळी अॅम्लोडिपिन २.५ जोडलं, दोन आठवड्यांनी उभं राहून १३२, तक्रार नाही. मार्चअखेरीस ही अडीचची गोळी काढायची की नाही, हे तेव्हाच्या उभ्या आकड्यावर ठरेल.

युरॉलॉजिस्टने प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला आहे. ती झाली तर टॅमसुलोसिन सुटेल. पण पाठीतून दिलेल्या भुलेने खालच्या अंगातल्या वाहिन्या आवळणाऱ्या नसा काही तास बंद पडतात, आणि आबांच्या त्या नसा आधीच अधू आहेत. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी सुनेच्या वहीतले पडून आणि उभं राहूनचे आकडे आणि सगळ्या गोळ्यांची यादी एकाच कागदावर लिहून दिली आहे. शस्त्रक्रिया उन्हाळ्याआधी उरकावी, असं सुचवलं आहे. थोरल्याला पुण्याहून रजा कधी मिळते, यावर तारीख अडली आहे.